तिची चार बोटं

“हात घेऊन ये, तोंड आणू नकोस,” असा निरोप होता. फोनवर मेहुणी होती, बायकोची थोरली बहीण. निरोप बायकोचा होता. फोन वाजला तेव्हा त्याच्या डाव्या हातात कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता, प्लास्टरचा, आणि उजव्या हातातल्या चिमट्यात एक सुळा. तो मेणात बसवायचा आणि जरासा आत झुकवायचा, कारण कवळीतले दात शाळेतल्या पोरांसारखे सरळ रांगेत उभे राहिले की लगेच खोटे दिसतात. फोन टेबलावर थरथरला आणि सुळा चिमट्यातून निसटून फरशीवर गेला. तो टेबलाखाली वाकला, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि सुळा शोधता शोधता ऐकत राहिला.

“ऐकतोयस ना? कालपासून कळा येताहेत आणि विरून जाताहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. तिला ते नकोय. ती म्हणते, ते दाबायचं तुला येतं. मी दाबून बघितलं, पण माझ्या दाबण्यानं ती नुसती चिडते.”

“बरं,” तो म्हणाला.

“आणि आणखी एक. मूल झालं की निघायचं. थांबायचं नाही. हे मी नाही म्हणत, तिनं सांगायला सांगितलंय. महिन्याभरात मी तिला आमच्या गावी घेऊन जाणार आहे, ते तुला माहीत आहेच.”

“बरं.”

“दुसरा एखादा शब्द येतो का रे तुला?” मेहुणी म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

सुळा त्याच्याच बुटाच्या टाचेखाली सापडला, दोन तुकडे झालेला. त्यानं खणातून दुसरा घेतला, रंग जुळवला, मेण तापवलं, सुळा बसवला, जरासा आत झुकवला, आणि मगच उठला. हे बरोबर नाही हे त्याला कळत होतं. बायको तिकडे कळा देतेय आणि आपण इथं एका म्हाताऱ्याच्या सुळ्याची मनधरणी करतोय, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हेही कळत होतं. कळत सगळं होतं. पोचत काही नव्हतं. कवळ्यांच्या लॅबच्या मालकाला त्यानं सांगितलं की बायकोला दवाखान्यात नेलंय, तेव्हा मालक टोपी काढून ओरडला, “अरे मग पळ की! इथं काय माझं तोंड बघतोयस?” बायको तीन महिन्यांपासून बहिणीकडे राहते, हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. कुणी विचारलं नव्हतं. बाकीच्यांनी त्याची पाठ थोपटली, एकानं पेढ्याबिढ्यांची आठवण करून दिली, आणि तो सगळ्यांकडे बघून हसला. हसायचं कधी ते त्याला नेमकं ठाऊक असायचं.

टॅक्सीत बसल्यावर त्यानं स्वतःला विचारून पाहिलं, की आपल्याला काय वाटतंय. ही त्याची जुनी खोड. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा तो अधूनमधून तिथं जाऊन यायचा, आणि उत्तर नेहमीचंच मिळायचं: काही नाही. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग गाल जाड होतो, आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लोंबतो, माणूस तो चावून बघतो तरी कळत नाही, तसं. फक्त त्या सुईचा अंमल दोन तासांत उतरतो. त्याला आपल्याला सुई कधी दिली गेली तो दिवसही साधारण माहीत होता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. घर माणसांनी भरलं आणि बसायला काही नव्हतं, म्हणून त्यानं शेजारच्यांकडून खुर्च्या मागून आणल्या, एकेक करून, जिने चढउतार करत, आणि मावशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, बघा हो किती समजूतदार पोर, डोळ्यांतून टिपूस नाही. मोठी माणसं त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. न रडणाऱ्याच्या डोक्यावरून जास्त हात फिरतात, हे पोराच्या लक्षात आलं. तिथून पुढे तो समजूतदारच होत गेला. इतका, की त्याच्या समजुतीपुढे लोकांना आपल्याच रडण्याची लाज वाटू लागली. बायकोनं लग्नाआधीच त्याचं नाव मख्खोबा ठेवलं होतं. तेव्हा ते लाडाचं होतं. तिला वाटलं असेल, वरून मख्ख आहे, आत पाणी असेल. विहीर खणणाऱ्याला सुरुवातीला असंच वाटतं. दिवस गेल्याचं तिनं सांगितलं त्या सकाळी तो दूध तापवत होता. ‘बरं,’ म्हणाला, आणि दूध उतू जाईल म्हणून तिकडे वळला. दूध उतू गेलं नाही. ही गोष्ट तिनं आधी सगळ्यांना हसत हसत सांगितली, मग नुसती सांगितली, आणि मग सांगायचीच बंद केली. सातव्या महिन्यात ती गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. ‘तू घरात असलास की घर जास्त रिकामं वाटतं,’ एवढंच म्हणाली. तिनं जड उचलायचं नव्हतं, म्हणून बॅग त्यानंच खाली नेली आणि टॅक्सीत नीट आडवी ठेवली. टॅक्सीवाल्याला वाटलं असेल, काय गुणी नवरा आहे. टॅक्सी गेल्यावर त्यानं वर येऊन जेवून घेतलं.

आजच्यानंतर संपलं, हे त्याला ठाऊक होतं. मूल झालं की तिला त्याच्याकडून काहीच लागणार नव्हतं. मूल दुसऱ्या गावात, मेहुणीच्या घरात वाढेल. तो कधीमधी जाईल, खेळणं नेईल, मूल दाराआड लपेल, आणि मेहुणी म्हणेल, अरे ये की बाहेर, बाबा आहेत. ते बाहेर येणार नाही, आणि तो म्हणेल, राहू दे. हे सगळं त्याला खिडकीबाहेरच्या दुकानांइतकं स्पष्ट दिसलं. दुकानं उघडत होती, एक माणूस पायपुसणं झटकत होता. छातीत काही हललं का ते त्यानं पुन्हा एकदा चाचपलं. मग टॅक्सीवाल्याला म्हणाला, पुढच्या चौकातून डावीकडे घ्या, तिकडून सिग्नल लागत नाही.

खोली लहान होती. एक पलंग, एक स्टूल, एक खुर्ची, भिंतीवर कुणा दुसऱ्याच्याच बाळाचा फोटो. ती कुशीवर होती. चेहरा सुजला होता, केस कसेतरी वर बांधले होते आणि पायांचे घोटे इतके सुजले होते, की त्याला आधी ते तिचे वाटलेच नाहीत. तीन महिन्यांत एवढं पोट वाढतं हे त्याला ऐकून माहीत होतं. त्यानं हात धुतले, कोपरापर्यंत, नखांत अडकलेलं प्लास्टर काढून. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो स्टुलावर बसला तेव्हा तिनं पाय तेवढा पुढे केला, दुकानदारापुढे चप्पल मापायला करतात तसा. डॉक्टरीणबाई आत डोकावल्या, तरुण होत्या, कंटाळलेल्या होत्या. “दाबा हो, दाबा,” त्या म्हणाल्या. “फायदा होतो म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणणार नाही, पण अडवणारही नाही. दिवस भरलेत, आता नुकसान काही नाही.” आणि गेल्या. त्यानं आपली चार बोटं तिच्या घोट्याच्या हाडावर आडवी ठेवली, वरच्या कडेला अंगठा टेकवला, नडगीच्या मागे, आणि दाबलं. मेहुणी वाकून बघत म्हणाली, “इथं होय? मी आपली केवढी खाली दाबत होते.” त्यानं मान खाली घालून दाबणं चालू ठेवलं. तोंड आणायचं नव्हतं.

ही जागा त्याला पाठ होती. पाचव्या महिन्यात दोघं बाळंतपणाच्या वर्गाला जायची. एका दवाखान्याच्या गच्चीवरच्या खोलीत चटया टाकून सातआठ जोडपी बसायची, आणि वर्गाच्या बाई, बारीक अंगाच्या पण आवाजानं खणखणीत, कापडाचं बाळ काखोटीला मारून मधून फिरायच्या. नवऱ्यांना त्या ‘हातवाले’ म्हणत. “कळ आली की हातवाल्यांनी बोलायचं नाही,” त्या म्हणायच्या. “सल्ला नाही, धीर नाही, विनोद तर नाहीच नाही. दाबायचं. ती सोड म्हणाली की सोडायचं. लग्नात एवढं एकदा जमलं तरी पुष्कळ झालं.” बायका हसायच्या, हातवाले खाली मान घालायचे. दाबायच्या जागा फार नव्हत्या. अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्यामधला मांसल उंचवटा. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंच्या खळग्या. आणि पायाच्या आतल्या बाजूची ही, घोट्यापासून चार बोटं वर. त्याला तो वर्ग मनापासून आवडला होता. तिथं काय वाटतंय असं कुणी विचारत नव्हतं, कुठं ते सापडलं का एवढंच विचारत होते, आणि त्याच्या बोटांना सापडायचं. आयुष्यभर मेण आणि प्लास्टर दाबून अंगठे पक्के झाले होते. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर त्याचा हात वर धरून दाखवला, “बघा, हा हात.” घरी येताना बायकोनं तो हात धरला होता, रस्ता ओलांडून झाल्यावरसुद्धा.

पण पायाची ती जागा बाईंनी दाखवली त्या दिवशी त्याच्या समोर एक लठ्ठ हातवाला बसला होता, आणि त्याच्या पुढच्या दातावरच्या टोपीची छटा चुकली होती. बाकीचे दात जरा पिवळट आणि हा मधलाच निळसर पांढरा, भिंतीला पोचारा मारल्यासारखा. कुणी केलं असेल हे काम? आणि हा माणूस रोज आरशात बघतो, याला दिसत नाही? बाई काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, कारण बायका माना हलवत होत्या. तो दाताकडे बघत राहिला. मग बाई म्हणाल्या “चार बोटं वर”, तेव्हा तो भानावर आला आणि तेवढं मात्र त्यानं पक्कं धरलं. त्या संध्याकाळपासून कामावरून आला की ती कोचावर आडवी व्हायची, पाय त्याच्या मांडीवर द्यायची, आणि तो चार बोटं ठेवून अंगठा टेकवायचा. तिच्या पायात गोळे येत, ते सुटत असावेत. ती डोळे मिटून घ्यायची आणि दाबणं संपेपर्यंत उघडायची नाही. बोलणं काहीच व्हायचं नाही. टीव्ही बंद असायचा. ‘बरं वाटतंय का?’ असं त्यानं कधी विचारलं नाही, कारण ते उघड दिसत होतं.

आता खिडकीतून ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. कळ यायची; तिचं सगळं अंग मुठीसारखं आवळायचं, ती पलंगाचा गज धरायची, आणि मग ती कळ अर्ध्यावरच आपलं काम विसरल्यासारखी निघून जायची. तो कळ आली की दाबत होता आणि गेली की ढिला करत होता. मेहुणी पाणी देत होती, कपाळ पुसत होती, आणि कुणीच बोलत नाही हे सहन न होऊन एकटीच बोलत होती: आपल्या शेजारणीला कसं चौथ्या कळेला झालं, आपल्यावेळी कसं नवऱ्यालाच चक्कर आली आणि डॉक्टर आधी त्याच्याकडे धावले. सिस्टर येऊन तपासून गेली. “अजून तिथंच आहे,” ती म्हणाली. “संध्याकाळी डॉक्टरीणबाई ठरवतील.” बायकोनं तोंड उशीत खुपसलं. तिच्या खांद्यावरून तो समजला की ती रडतेय. त्याचा अंगठा जागेवर होता. तो अंगठ्याकडे बघत राहिला.

“थोडं खाली,” ती म्हणाली. तीन महिन्यांतले तिचे त्याला उद्देशून पहिले शब्द.

त्यानं अंगठा केसभर खाली घेतला.

“आणखी.”

त्यानं हात थांबवला. चार बोटं पुन्हा घोट्यावर ठेवून दाखवली. हे बघ, बरोबर आहे. तिनं मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं, आणि दुखण्यातूनसुद्धा तिच्या तोंडावर काहीतरी आलं, जवळजवळ हसूच.

“तुझी नाही रे. माझी. चार बोटं माझी मोजायची. ज्याचा पाय त्याची बोटं. वर्गात बाईंनी जागा दाखवतानाच सांगितलं होतं. तुझी चार म्हणजे माझी साडेपाच होतात.”

तिनं हात पुढे केला. पोटामुळे तो घोट्यापर्यंत पोचेना. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिची चार बोटं आपल्या बोटांवर आडवी टेकवून माप घेतलं, लॅबमध्ये घेतात तसं, कड कुठं येते ते बघत. कड त्याच्या तिसऱ्या बोटाच्या अलीकडेच संपली. हजारो जबड्यांची मापं त्यानं घेतली होती. हा हात एवढा लहान आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो त्या कडेकडे बघत राहिला, आणि त्याला एकेक संध्याकाळ आठवू लागली, कोच, मांडीवरचा पाय, बंद टीव्ही, आणि त्या सगळ्या संध्याकाळी त्याचा पक्का अंगठा दीड बोट चुकलेला.

“तू बोलली का नाहीस?” तो म्हणाला. तोंड आणायचं नव्हतं हे तो विसरला.

कळ आली. तिनं गज धरला, आणि ती जाईपर्यंत तिघंही थांबले. मग ती डोळे मिटूनच, धाप टाकत, अडखळत बोलू लागली. “ती जागा दिवस भरल्याशिवाय दाबायची नसते. कळा लवकर सुरू होतात म्हणतात. तेही सांगितलं होतं बाईंनी. तेही तू ऐकलं नाहीस. कुणाच्या तरी दाताकडे बघत होतास.”

“मग?”

“मग काय. मी तुला बरोबर जागा दाखवली असती, तर तू लगेच थांबला असतास. नियम म्हणजे नियम, तुझं. नवव्यापर्यंत नाही म्हणजे नाही. पुन्हा हात लावला नसतास मला.” ती थांबली. “चुकीच्या जागी दाबत होतास, म्हणून चालू दिलं. दिवसभरात तेवढाच तू यायचास.”

मेहुणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी पीं पीं करत होती. तो तसाच बसून होता, तिचा हात अजून त्याच्या हातात. त्याला वाटायचं ती डोळे मिटून आराम करते. ती पहारा देत होती. त्याचा अंगठा दीड बोट खाली सरकणार नाही ना, याच्यावर ती रोज डोळे मिटून लक्ष ठेवून होती, पोटात मूल घेऊन, आणि तरी पाय काढून घेत नव्हती. एखाद्या दिवशी तो सरकला असता तर? त्यानं मन लावून दाबलं असतं. जीव तोडून, नेमकं. मेणात दाबतात तसं दाबलं असतं. त्यानं स्टूल एकदम मागे सरकवलं, तापलं मेण अंगावर सांडल्यासारखं. हे काय आहे ते त्याला लगेच ओळखता आलं नाही. मग आलं. त्याला भीती वाटत होती. टळून गेलेल्या, कधी न घडलेल्या गोष्टीची भीती. त्यानं तिचा हात हलकेच चादरीवर ठेवला.

“आता दाब,” ती म्हणाली. “आता चालतं.”

त्यानं ते माप घोट्यावर धरून कडेला अंगठा टेकवला आणि दाबला, आणि ती ओरडली. वरच्या जागेवर ती कधीच ओरडली नव्हती. त्यानं अंगठा उचलला. “सोडू नकोस,” ती म्हणाली, “मी सांगेन तेव्हा सोड.” त्यानं पुन्हा टेकवला. इथली कातडी मऊ होती आणि आत काहीतरी उडत होतं, नस असेल. कळ आली, आणि या खेपेला ती अर्ध्यावरून परतली नाही. पुढची लवकर आली. कळा त्याच्या दाबण्यानं आल्या की यायच्याच होत्या, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं, आणि ते विचारायला कुणाला वेळही नव्हता. त्याला एवढंच कळत होतं की अंगठा टेकला की तिचा चेहरा पिळवटतो, आणि तरी अंगठा काढायचा नाही. दुखणं आपल्या हातून दिलं जातंय, हे त्याला आजवर कधी बघावं लागलं नव्हतं. तो टॅक्सीत बॅग ठेवून वर निघून येणारा माणूस. घाम त्याच्या पापण्यांवरून ठिबकत होता आणि मेहुणीनं तिच्याबरोबर त्याचंही कपाळ पुसून टाकलं.

मग ती कुशीवर वळली आणि कमरेवर दाबायला म्हणाली. त्यानं दोन्ही अंगठे माकडहाडाच्या वरच्या खळग्यांत रोवले आणि अंगाचा सगळा भार दिला. इथं दाबलं की तिला हायसं वाटत होतं. प्रत्येक कळेला ती “तिथंच, तिथंच” म्हणायची आणि कळ गेली की “सोड” म्हणायची, आणि या दोन शब्दांवर दुपार सरली. त्याचे अंगठे आधी दुखले, मग बधिर झाले, मग मनगटं गेली, मग तो कोपरानं दाबू लागला. एकदा ती त्याला शिव्या देऊ लागली. खालच्या आवाजात, सलग, आजवर कधी न दिलेल्या शिव्या, मख्खोबा, धोंड्या, निर्दया, तुझ्यासारख्याच्या घरात माझं मेलीचं काय अडलं होतं म्हणून आले. आणि तो दाबत राहिला. सिस्टर म्हणाली, “चालू द्या, शिव्या येऊ लागल्या म्हणजे जवळ आलं.” तिनं तपासलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारायला गेली, आणि ऑपरेशनचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही.

जे झालं ते फार पटकन झालं. खोलीत माणसं वाढली, पलंग हलवला, त्याला कुणीतरी पायाकडे ढकललं, आणि दाबण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो तिची टाच धरून उभा राहिला. कुणीतरी ओरडत होतं, “आता, आता, थांबू नका.” मग एक ओलं, जांभळट, संतापलेलं काहीतरी वर उचललं गेलं आणि क्षणभर गप्प राहिलं. त्या क्षणी त्याला ते आपल्यासारखंच, बापासारखं, गप्प राहणार असं वाटलं, आणि त्याच्या तोंडून “अरे रड, रड ना,” असं निघालं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ते रडलं. “मुलगी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टर त्याला म्हणाली, “आता तो पाय सोडा हो, झालं सगळं,” आणि मेहुणी एकाच वेळी हसत आणि रडत होती.

सगळं आवरून झालं. टाके घालून झाले, चादर बदलली, माणसं गेली. मुलगी तिच्या छातीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, हिरड्या कोऱ्या. मेहुणीनं त्याच्याकडे बघितलं. निघायला सांगायचं काम तिच्याकडे होतं आणि तिच्यानं ते होत नव्हतं. ती चादरीचा कोपरा पुन्हा पुन्हा सरळ करत होती. शेवटी बायकोच म्हणाली, डोळे न उघडता, “ठरल्याप्रमाणे.”

त्यानं मान हलवली. हात धुतले. नळाखाली अंगठ्यांना पाणी लागत होतं की नाही ते समजत नव्हतं. ठरलेलं मोडायचं नाही, हे त्याला येत होतं. आयुष्यात दुसरं काही फारसं आलं नव्हतं. तो दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला. बाहेर व्हरांड्यात दिवे लागले होते आणि कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. आता जिना, मग रस्ता, मग घर, जेवण. सगळं त्याला इथूनच दिसत होतं. छातीत त्यानं चाचपून बघितलं नाही. चाचपायची गरज नव्हती, तिथं दुखत होतं, सुईचा अंमल उतरताना दुखतं तसं, बोथट आणि चहूकडे. मागून तिनं हलकेच “आई गं” म्हटलं, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे. तो वळला.

“दुखतंय?”

“हो.”

“कुठं?” तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. हा प्रश्न तिला इतका नवा होता की ती आधी त्याच्याकडे बघतच राहिली, काही डाव आहे का ते तपासल्यासारखी. मग म्हणाली, “कंबर. टाके ओढताहेत. मान धरलीय.” तो कडीवरचा हात काढून ऐकत होता. “डावा खांदा. पायात गोळे आलेत, उजव्या.” ती थांबली, आणि तिला वाटलं तो आता येऊन त्यांतली एखादी जागा दाबू लागेल. तो आला नाही. तिथंच उभा राहून त्यानं पुन्हा विचारलं, “आणखी कुठं?” तिचे ओठ हलले, आणि मग ती जे सांगू लागली त्याचा बाळंतपणाशी काही संबंध नव्हता. ते फार मागून सुरू झालं, पहिल्या वर्षापासून, त्याला आठवतसुद्धा नसलेल्या एका रविवारपासून, आणि ती ते हळू आवाजात, मुलगी उठू नये म्हणून, एकामागून एक सांगत गेली. प्रत्येक ठिकाणी त्याला लागत होतं. मेहुणीनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि आपण बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. तो बसला. तिचं सांगून संपेना, आणि तो मध्ये एक शब्द बोलला नाही, आणि उठला नाही.